शिवधनुष्य नको, अठरा पौंडांचं धनुष्य द्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ८ मार्चच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. गाणी, पथनाट्य, भाषणं तर दरवर्षीचीच. या वेळी काही वेगळं करू या, असं बैठकीत सगळ्यांचं मत पडलं. आमच्या वस्तीतल्या सात-आठ मुली तेव्हा नुकत्याच दर रविवारी मैदानावर तिरंदाजी शिकायला जाऊ लागल्या होत्या. मी म्हटलं, मंचावरून आम्ही बायकांच्या ताकदीबद्दल बोलण्यापेक्षा मुलीच बाण मारून दाखवू देत. कल्पना सगळ्यांनाच आवडली.

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी मी मुलींबरोबर मैदानावर गेले. साहित्य देणाऱ्या माणसाने मुलींकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, यांना ते हलकं देतो, लहान पोरांचं आहे." त्या 'लहान पोरांचं' या शब्दांनी माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हेच ऐकत आलोय ना आपण! मी म्हटलं, "का म्हणून? मुलांना जे देता तेच द्या. आमच्या मुली काय कमी आहेत?" तो हसला, आणि आतून ३४ पौंडांचं धनुष्य आणून त्याने आमच्यातल्या सगळ्यांत धीट मुलीच्या हातात दिलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

८ मार्चला तिने बाण मारले. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्यानंतर दहा दिवसांनी तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याच्या आतल्या स्नायूंना सूज आहे, हाताला पूर्ण विश्रांती द्या. ती शिलाईच्या कारखान्यात तुकड्यावर काम करायची. हात थांबला तशी मजुरी थांबली. तीन महिने घरात तिचा एक रुपया आला नाही. तिची आई माझ्या दारात येऊन म्हणाली, "बाई, नवऱ्याने हात उगारला तर आम्ही तुमच्याकडे येतो. तुम्हीच पोरीचा हात घालवलात, आता कुणाकडे जाऊ?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संघटनेने मिळून तिच्या मजुरीची थोडीफार भरपाई केली, औषधाचा खर्च केला. पण ते उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिते आहे. सुरुवात मी शिकण्यापासून केली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतः धनुष्य हातात घेतलं, आणि एका प्रशिक्षक बाईंकडे अगदी पहिल्या धड्यापासून बसले.

पौंड म्हणजे काय?

मला तोवर वाटायचं, ३४ पौंडांचं धनुष्य म्हणजे ज्याचं वजन ३४ पौंड आहे ते. तसं नाही. दोरी पूर्ण ताणून हनुवटीपाशी आणल्यावर बोटांवर जो ओढ येतो, तो या पौंडांत मोजतात. मैदानावर त्याला सगळे 'पौंडेज' म्हणतात. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. ३४ पौंड म्हणजे साडेपंधरा किलोच्या आसपास. पाण्याने भरलेली कळशी तीन बोटांवर अडकवायची, आणि तीही खाली लोंबती नव्हे, तर आडवी ओढून चेहऱ्याजवळ धरायची. हात स्थिर ठेवायचा, नेम धरायचा, आणि मग सोडायचं. एकदा नाही. स्पर्धेच्या पात्रता फेरीत ७२ बाण असतात. ४० पौंडांचं धनुष्य असेल तर ७२ बाणांत १३०० किलोहून जास्त ओढ त्या दोन खांद्यांनी पेललेली असते. सरावाचे बाण वेगळेच.

धनुष्यावर जो आकडा लिहिलेला असतो तोही जसाच्या तसा घ्यायचा नसतो. रिकर्व्ह धनुष्यावरचा आकडा २८ इंच ताण धरून लिहितात. पण आपल्यातल्या कितीजणींचे हात एवढे लांब आहेत? दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर मोजा, त्याला अडीचने भागा. तुमचा ताण अंदाजे तेवढा. माझे पसरलेले हात १६० सेंटिमीटर भरतात. म्हणजे ताण ६४ सेंटिमीटर, जेमतेम २५ इंच. एक इंच ताण कमी झाला की ओढ साधारण २ पौंडांनी कमी होतो. म्हणजे ज्यावर २४ लिहिलंय ते धनुष्य माझ्या बोटांवर १८ पौंडच भरणार. बाईंनी लटकता काटा दोरीला अडकवून मला हे मोजून दाखवलं. साधा काटा, साधं गणित. पण आमच्या त्या मुलीच्या हातात ३४चं धनुष्य देताना ना साहित्य देणाऱ्याने मोजलं, ना मी विचारलं. तिचा ताण २६ इंच होता. म्हणजे तिच्या बोटांवर ३० पौंडांच्या आसपास ओढ येत होता, आणि तिने त्याआधी जेमतेम चार रविवार सराव केला होता.

कोणतं धनुष्य घ्यायचं?

मैत्रिणींनो, तुमच्या गटातल्या कुणी हे शिकणार असतील तर मला जे उशिरा कळलं ते आधीच सांगून ठेवते.

नव्याने शिकणाऱ्या प्रौढ बाईने बोटांवर १६ ते २० पौंड येतील असं धनुष्य घ्यावं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसाठी त्याहूनही हलकं. पहिले काही आठवडे बाण पाच-दहा मीटरवरच मारायचे असतात. तिथवर जायला १६ पौंड पुष्कळ झाले. पौंड वाढवावे लागतात ते लांबच्या अंतरासाठी. जास्त ओढ म्हणजे बाणाला जास्त वेग. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर निशाणा असतो. पण ७० मीटरवर पोचण्याआधी १०, १८, ३० असे टप्पे असतात, आणि तिथे वेगापेक्षा अंगाची ठेवण महत्त्वाची.

धनुष्य आपल्याला झेपतंय की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. दोरी सावकाश ओढून हात हनुवटीखाली आणायचा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. मग तसंच सावकाश पुढे न्यायचं. दोरी सोडायची नाही. बाण न लावता रिकामी दोरी तर कधीच सोडायची नाही, धनुष्य मोडतं आणि अंगालाही लागतं. असं दम घेत घेत पाच-सहा वेळा करायचं. या वेळात खांदा कानाकडे चढला, हात थरथरला, कंबर मागे झुकली किंवा ओढण्यासाठी धनुष्य आधी आभाळाकडे न्यावं लागलं, तर ते धनुष्य आपल्याला जड आहे. यात कमीपणा नाही. मोजमाप आहे.

आणखी एक. मधली मूठ वेगळी आणि वरच्या-खालच्या पात्या वेगळ्या, अशी सुटी होणारी धनुष्यं मिळतात. या पात्यांना मैदानावर 'लिंब्स' म्हणतात. ताकद वाढली की फक्त लिंब्स बदलायचे, मूठ तीच राहते. गटाने मिळून एक मूठ आणि १६, २०, २४ पौंडांच्या लिंब्सच्या तीन जोड्या घेतल्या तर बऱ्याचजणींचं भागतं. वाढवताना एकदम उडी मारायची नाही, २-२ पौंडांनी चढायचं. आधीच्या धनुष्याने तासाभरात साठेक बाण मारून शेवटचा बाणही पहिल्यासारखाच सुटत असेल, तरच पुढची पायरी.

'जमणार नाही' आणि 'जमलंच पाहिजे'

मग मी चुकले कुठे? हलकं धनुष्य नाकारलं, इथेच.

तो माणूस 'लहान पोरांचं' म्हणाला त्यात हिणवणं होतं, हे खरंच. पण त्या हिणवण्याला उत्तर म्हणून मी जे केलं त्यात माप पुरुषाचंच होतं. मुलांना जे देता तेच द्या, या माझ्या मागणीत मुलींच्या खांद्यांचा विचार कुठे होता? माझा राग खरा होता, पण त्या रागाचं वजन मी एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकलं. पुरुषसत्ता आपल्याला सांगते, 'तुला जमणार नाही'. आपण चिडून आपल्याच बहिणींना सांगतो, 'तुला जमलंच पाहिजे'. दोन्ही वाक्यांत 'तुला काय झेपतंय?' हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आपल्या भाषेत शिवधनुष्य पेलणं म्हणजे आवाक्याबाहेरचं काम अंगावर घेणं. ती कथा आठवा. लहानपणी सीतेने तेच धनुष्य घोडा घोडा खेळायला ओढलं, असं आपल्या आज्या सांगायच्या. पण मोठेपणी त्याच धनुष्याचा पण लावला तेव्हा ते उचलायचं पुरुषांनी, आणि बक्षीस म्हणून उभं राहायचं तिने. द्रौपदीच्या स्वयंवरातही तेच. जिच्यासाठी मत्स्यवेध व्हायचा तिच्या हातात धनुष्य कुणी दिलं नाही. त्यामुळे बाईच्या हातात धनुष्य दिसलं की आपल्याला चेव येतो. तो मलाही येतो. पण म्हणून पहिल्याच दिवशी शिवधनुष्य उचलायला लावायचं, हे त्या जुन्या स्वयंवराचंच दुसरं रूप नव्हे का? पण लावणाऱ्या आता आपण, एवढाच फरक!

आता आकडेच बघायचे तर बघू. जागतिक दर्जाच्या रिकर्व्ह तिरंदाज स्त्रिया साधारण ४० पौंडांच्या आसपासचं धनुष्य वापरतात, पुरुष ५०च्या आसपासचं. अंतर दोघांनाही तेच ७० मीटर, निशाणाही तोच १२२ सेंटिमीटरचा, बाणही तेवढेच. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत कोरियाच्या लिम सी-ह्यॉनने ७२० पैकी ६९४ गुण मिळवले. त्याच फेरीत पुरुषांत पहिला आलेल्या किम वू-जिनचे गुण होते ६८६. हलकं धनुष्य घेऊन ती सगळ्या पुरुषांच्या पुढे होती. निशाणाला धनुष्याचे पौंड दिसत नाहीत. त्याला फक्त बाण कुठे लागला ते कळतं.

दिवसभर पाणी वाहते, मग ताकद कुठे जाते?

शिकायला लागल्यावर मला एका गोष्टीचं फार नवल वाटलं. आमच्या गटातली एक बाई रोज दोन-दोन हंडे पाणी डोक्यावरून आणते. गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहिलेल्या आहेत तिने. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "हे तर खेळणं आहे." आणि १८ पौंडांचं धनुष्य तिला दहा मोजेपर्यंत धरता येईना. ती हिरमुसली. मलाही कळेना.

प्रशिक्षक बाईंनी समजावलं. धनुष्य नुसतं हाताने ओढलं तर दंड लगेच थकतो. ते पाठीने ओढायचं असतं. दोन्ही फऱ्यांच्या मधले स्नायू आहेत ना, ते आकसून फरे एकमेकांच्या जवळ आणायचे. धनुष्य धरलेला हात समोर सरळ, छाती मोकळी, खांदे खाली, मान ताठ. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही दिवसभर जी कामं करता त्यात कोणत्या कामात खांदे मागे जातात?"

आम्ही आठवू लागलो. झाडू मारणं, फरशी पुसणं, धुणं, भांडी, भाकरी थापणं, कणीक मळणं, निवडणं, शिलाई मशीन, भातलावणी, खुरपणी, मूल कडेवर घेणं. एकाही कामात खांदे मागे जात नाहीत. सगळी कामं पुढे वाकवणारी. म्हणजे आमच्या अंगात ताकद नाही असं नव्हतं. जी ताकद होती ती सगळी वाकण्याच्या बाजूची होती.

आणि हे केवळ कामांमुळे झालेलं नाही. मुलगी वयात आली की तिला काय शिकवतात? ओढणी नीट घे, छाती पुढे काढून चालू नकोस, मान खाली. आमच्यातल्या एका मुलीला पहिले दोन महिने खांदे मागे नेताच येईनात. तिच्या पाठीत दोष नव्हता; छाती दिसेल याची लाज होती. मैदानाच्या कडेला बसून बघणारी मुलं होतीच. आम्ही मुलींसाठी वेगळी वेळ मागून घेतली तेव्हा कुठे तिची पाठ उघडली. एका स्नायूवर घराणं, जात, अब्रू असं किती काय येऊन बसलेलं असतं! ग्रीकांच्या कथेतल्या ॲमेझॉन स्त्रियांनी धनुष्य ओढता यावं म्हणून एक स्तन कापून टाकला, असं सांगतात. ती दंतकथाच. त्याच ग्रीकांच्या जुन्या चित्रांत आणि शिल्पांत ॲमेझॉन स्त्रिया दोन्ही स्तनांसह दिसतात. धनुष्य चालवायचं तर बाईपण कापून टाकावं लागतं, हे कुणाच्या तरी सोयीचं असावं. खरी गोष्ट एवढीच, की दोरी कपड्यात अडकू नये म्हणून छातीवर एक जाळीदार पट्टा बांधतात. तो पुरुष तिरंदाजही बांधतात.

ताकद कशी कमवायची?

आम्ही काय करतो ते सांगते. धनुष्य प्रत्येकीकडे नाही, त्यामुळे घरी जुन्या सायकलची ट्यूब वापरतो. ट्यूबचं एक टोक धनुष्यासारखं समोर धरायचं, दुसरं हनुवटीपर्यंत ओढून दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग त्याच्या दुप्पट वेळ विश्रांती. सुरुवातीला पाच वेळा, हळूहळू दहा वेळा. दुसऱ्या हातानेही तेवढंच करायचं, नाहीतर पाठ एका बाजूने वाढते. भिंतीला हात टेकून दंड काढायचे. चटईवर पालथं झोपून हात खांद्याच्या रेषेत पसरायचे आणि जमिनीपासून वर उचलून धरायचे. पोट आणि पाय मजबूत हवेत म्हणून बैठका. आठवड्यातून तीन-चार दिवस, रोज वीस मिनिटं. मध्ये सुट्टीचा दिवस हवाच, कारण स्नायू विश्रांतीत भरतो. थकवा आला तर थांबणं नाही, पण खांद्याच्या सांध्यात कळ आली तर त्या क्षणी थांबायचं. थकवा आणि कळ यांतला फरक ओळखणं हाच पहिला धडा.

हे लिहायला सोपं आहे. पण वीस मिनिटं कुणाची? आमच्या गटात या वीस मिनिटांवरून जितकी भांडणं झाली तितकी धनुष्यावरून झाली नाहीत. एकीची सासू म्हणाली, "ट्यूब ओढायला वेळ आहे, मग दळण आणायला का नाही?" 'विश्रांतीत स्नायू भरतो' हे वाक्य ऐकून सगळ्याजणी हसल्या होत्या. विश्रांती! आणि ताकद नुसत्या व्यायामाने येत नाही. डाळ, अंडं, शेंगदाणे, दूध असं काही पोटात जावं लागतं. घरात सगळ्यांचं झाल्यावर खरवडून खाणाऱ्या बाईचा स्नायू कशावर भरणार? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. आमच्या मुलींची तपासणी करून घेतली तेव्हा चित्र वेगळं नव्हतं. त्यानंतर आम्ही नियमच केला. रविवारी सरावानंतर मूठभर शेंगदाणे आणि गूळ सगळ्यांनी एकत्र बसून खायचा, घरी न्यायचा नाही. घरी नेला की तो भावाच्या नाहीतर मुलाच्या ताटात जातो.

म्हणून मी म्हणते, बाईने ताकद कमावणं ही एकटीची गोष्ट नाही. तिच्या वाटणीचा वेळ, तिच्या वाटणीचं अन्न आणि तिला उभं राहायला जागा, या तीन गोष्टींचं भांडण त्यात आहे.

दोन आक्षेप

आपल्याच मैत्रिणी दोन गोष्टी विचारतात. पहिली, याचा स्वसंरक्षणाला काय उपयोग? प्रामाणिकपणे सांगायचं तर काही नाही. रस्त्यात कुणी अंगावर आलं तर कुणी धनुष्य जोडत बसणार नाही. आणि हल्ला होतो तो बहुतेकदा घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसाकडून, हे आपल्याला आपल्याकडे येणाऱ्या केसेसवरून माहीत आहे. मुलींना खोटी आशा द्यायची नाही. पण मुलीने शिकावं ते फक्त मार चुकवण्यासाठीच, हे तरी का मान्य करायचं? मुलगा खेळतो तेव्हा 'याचा उपयोग काय' असं कुणी विचारतं का? मजा वाटते म्हणून, निशाण्यावर बाण लागला की अंगावर काटा येतो म्हणून, मुलींनी खेळायचं नाही?

दुसरी, पैसा. चांगलं रिकर्व्ह किंवा कंपाऊंड धनुष्य महाग असतं, हे खरं आहे. पण आपल्या देशात 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे. त्यात बांबूचं धनुष्य चालतं, अंतरं ३० आणि ५० मीटर. तिथून सुरुवात करता येते. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारात जगज्जेती झाली. साताऱ्यासारख्या गावातून हे झालं, कारण तिथे शिकवणारं कुणी होतं आणि मुलीला मैदानावर जाऊ देणारं घर होतं.

आणि 'आता या वयात?' असं स्वतःला विचारणाऱ्या बायांसाठी आणखी थोडं. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत सुवर्णपदक मिळवणारी क्वीनी न्यूऑल ५३ वर्षांची होती. १९८४ साली लॉस एंजेलिसला न्यूझीलंडची नेरोली फेअरहॉल चाकाच्या खुर्चीत बसून ऑलिंपिकमध्ये धडधाकट स्पर्धकांबरोबर उतरली. आपल्या दीपिकाकुमारीला २०२२च्या डिसेंबरात मुलगी झाली आणि २०२४च्या एप्रिलमध्ये शांघायच्या विश्वचषकात तिने रौप्यपदक मिळवलं. जम्मू-काश्मीरच्या शीतलदेवीला जन्मतः हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते, खांद्याने दोरी ओढते. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात तिने कांस्यपदक मिळवलं. या सगळ्याजणींत एक गोष्ट सारखी दिसते. आपलं शरीर जसं आहे तसं धरून त्यांनी धनुष्य बसवून घेतलं. धनुष्यासाठी शरीर मोडलं नाही.

आपण काय मागायचं?

जिथे मुलींना तिरंदाजी किंवा कुठलाही ताकदीचा खेळ शिकवला जातो, तिथे आपल्या गटांनी जाऊन काही गोष्टी विचाराव्यात. हलक्या वजनाचं साहित्य पुरेसं आहे का, की मुलांचं उरलेलं मुलींना दिलं जातं? हातात धनुष्य देण्याआधी ताण मोजतात का? मुलींच्या वेळा कोणत्या, आणि त्या वेळी मैदानाचं स्वच्छतागृह उघडं असतं का? शिकवणारी बाई आहे का? दुखापत झाली तर औषधाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण देणार? हा शेवटचा प्रश्न आपण आपल्या संघटनांनाही विचारला पाहिजे. कार्यक्रमासाठी, फोटोसाठी, मोर्चाच्या पुढच्या रांगेसाठी आपण तरुण मुलींना पुढे करतो. त्यांच्या अंगावर काय वजन पडतंय ते मोजायचा काटा आपल्याकडे आहे का?

ती मुलगी आठ महिन्यांनी परत मैदानावर आली. तिच्या आईनेच आणून सोडली. मला म्हणाली, "या वेळी ती म्हणेल तेवढंच." मी लटकता काटा आईच्याच हातात दिला. पहिल्या दिवशी तिने बोटांवर १४ पौंड येईल असं धनुष्य घेतलं. साहित्य देणारा माणूस तोच. तो काही बोलला नाही, आणि आम्हीही बोललो नाही. आज ती २२ पौंडांवर आहे आणि ३० मीटरवर मारते. मी अजून १८वर आहे, आणि बहुधा तिथेच राहीन.

गेल्या ८ मार्चला तिला विचारलं, "कार्यक्रमात मारून दाखवशील?" ती म्हणाली, "नको ताई. रविवारी या ना, सराव बघायला."